मननातला ‘आपण’

“हे ‘आपण’ म्हणजे कोण?” पाळकसाहेबांनी विचारलं.

उजागरे गुरुजी वाचता वाचता थांबले. प्रस्तावना मागायला आलेल्या माणसाला असला प्रश्न कुणी विचारील, असं त्यांना वाटलं नव्हतं.

विल्सन उजागरे निवृत्त मुख्याध्यापक. पहाटे पाचला उठायचं, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, त्यावर पानभर मनन लिहायचं आणि सातच्या आत चर्चच्या मंडळीतल्या दोनशे बारा जणांच्या मोबाईलवर पाठवायचं, हा त्यांचा तीन वर्षांचा नेम. एक दिवस चुकला नव्हता. भाषा घोटीव, त्यामुळे लोक वाखाणायचे. आता त्या मननांचं पुस्तक निघणार होतं आणि त्याला प्रस्तावना भिंगारदिवे पाळकसाहेबांचीच हवी, असा गुरुजींचा आग्रह होता.

साहेब ब्याऐंशीचे. मिशनच्या जुन्या आवारात दोन खोल्यांत एकटेच राहायचे. डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं, म्हणून ते म्हणाले होते, तुला सगळ्यात आवडलेलं एक पान वाचून दाखव.

गुरुजींना पान शोधावं लागलं नाही. पक्षघाती माणसाला चौघांनी बाजेसकट उचलून नेलं, गर्दीमुळे दारातून शिरता येईना तेव्हा छप्पर उसकटून त्याला वरून प्रभूपुढे सोडलं, त्या उताऱ्यावरचं मनन त्यांनी काढलं होतं. सगळ्यात जास्त वाहवा याच पानाला मिळाली होती.

“सांग की. ‘आपण’ म्हणजे कोण?”

“आपण म्हणजे... सगळेच, साहेब. अख्खी मंडळी.”

“त्यात तू आलास?”

“आलोच की.”

“मग ‘आपण’ काढ. तिथं ‘मी’ घाल आणि परत वाच.”

गुरुजींना हसू आलं. चाळीस वर्षं ते मुलांकडून हेच करून घेत आले होते, सर्वनाम बदला आणि वाक्य पुन्हा लिहा. त्यांनी चष्मा सारखा केला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

“माझ्या शेजारीपाजारी अंथरुणाला खिळलेली माणसं असतात. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, पण...”

आवाज खाली आला.

“...पण त्यांच्या घराची पायरी चढत नाही. मी...”

पुढचं वाक्य वहीत स्पष्ट दिसत होतं. वाचवेना.

बाहेर कुणीतरी आवार झाडत होतं.

सायमन पाटोळे गुरुजींच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहायचा. भजनाला ढोलकी वाजवायचा. लागोपाठ तीन रविवारी तो उपासनेला उशिरा आला, तेव्हा मंडळीचे सेक्रेटरी म्हणून गुरुजींनी भर उपासनेत उभं राहून त्याचं नाव घेतलं आणि पुढच्या रविवारपासून ढोलकीला दुसरा माणूस बसेल, असं जाहीर केलं. सायमन उठून गेला तो परत आला नाही. वर्षभरानं त्याला अर्धांगवायूचा झटका आला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. रविवारच्या प्रार्थनेत गुरुजी न चुकता त्याचं नाव घ्यायचे.

“सायमनलाही रोज पाठवतो मी मनन,” गुरुजी वहीकडे बघत म्हणाले. “त्याचा नंबर मी कधी काढला नाही.”

“ठाऊक आहे. मी जातो ना दर बुधवारी. झटक्यापासून त्याला अक्षर लागत नाही, सून वाचून दाखवते. वाचून झालं की तो तिला एकच विचारतो...”

“काय?”

“येतो म्हणालाय का?”

गुरुजींनी वही मिटली. प्रस्तावनेचा विषय काढायचा राहूनच गेला.

त्या संध्याकाळी ते सायमनच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पहाटे नेमाप्रमाणे टेबलाशी बसले. उतारा वाचला, पण पेन उचललं नाही. साडेसहाला चपला घालून ते निघाले. त्या दिवशी दोनशे बारा जणांना मनन गेलं नाही.

दार सुनेनं, मनोरमेनं उघडलं. तिची निघायची गडबड चालली होती. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, सातला तिला अंगणवाडी गाठायची. तोवर सासऱ्यांचं आवरलं नाही, तर ते दुपारपर्यंत तसेच पडून राहायचे. आज दाढीही राहिली होती.

सायमननं गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी रात्रभर चार वाक्यं जुळवून ठेवली होती. आयुष्यभर वर्गात त्यांना शब्द कमी पडला नव्हता, इथं एकही आठवेना.

“दे इकडं,” ते मनोरमेला म्हणाले आणि तिच्या हातातून साबणाचा ब्रश घेतला.

दुसऱ्याची दाढी त्यांनी कधी केली नव्हती. हनुवटीपाशी कापलंच. सायमन कण्हला. रक्ताचा थेंब टॉवेलानं टिपता टिपता गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, “माझं चुकलं, सायमन. भर मंडळीत तुझं नाव घ्यायला नको होतं.”

सायमन काहीतरी बोलला. जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले. गुरुजींनी कान तोंडाशी नेला. दुसऱ्यांदाही कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं.

“पाणी... गार आहे.”

गुरुजी उठले, आत गेले, गॅस पेटवला आणि पाणी तापवून आणलं. मग त्याचं तोंड पुसलं, पाठ पुसली, सदरा बदलला. निघताना सायमननं चालत्या हातानं गुरुजींचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. बऱ्याच वेळानं सोडलं.

दुपारी गुरुजी पाळकसाहेबांसमोर बसले होते. त्यांनी सकाळचं सगळं सांगितलं. तीन वर्षं लिहिलं ते सगळं कोरडं होतं, असं ते म्हणाले. शास्त्र म्हणजे काय ते आज कळलं, असंही म्हणाले.



“हे लोकांपर्यंत पोचलं पाहिजे, साहेब. उद्या सकाळी निवांत बसतो आणि यावरच लिहितो. पानभरात नाही मावायचं. आठ वाजले तरी चालेल, पण नीट लिहितो.”

साहेबांनी चाचपडत पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

“लिहू ना?”

“लिही,” पाळकसाहेब म्हणाले. “सायमनचं पाणी उद्या कोण तापवणार आहे?”