फायनलच्या दुसऱ्या दिवशी

"पण मी चुकलो कुठं, तेवढं तरी सांगा वस्ताद."

बाबालाल वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर बसून सुपारी कातरत होते. दौलत समोर उभा होता.

दौलत सरनाईक म्हणजे एके काळी कोल्हापूरच्या फुटबॉलचा राजा. बाहेरगावचे क्लब त्याला मानानं घेऊन गेले. खेळ थांबल्यावर तो आपल्या पेठेत परतला आणि तालमीच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर झाला. काल फायनल होती. पृथ्वी नावाच्या पोरानं गोल मारला, संघ पुढे होता, आणि दौलतनं त्याच पोराला बाहेर काढून बसवलं. मग दोन गोल खाऊन संघ हरला. ज्या पेठेनं दौलतला खांद्यावरून मिरवलं होतं, तिनंच त्याच्यावर चपला फेकल्या. मिरवणुकीला आणि धिंडीला माणसं तीच लागतात, हे बिचाऱ्याला फार उशिरा कळलं.

त्याला ठेवायचं की घालवायचं, ते आज संध्याकाळी तालमीच्या बैठकीत ठरणार होतं. वस्तादांचा शब्द तिथं कुणी मोडत नसे. ज्यांनी आपल्याला बॉल मारायला शिकवलं ते एवढं तरी करतील, असं धरून तो आला होता.

"पोराला का काढलंस?" वस्तादांनी विचारलं.

"दमला हुता."

वस्तादांचा अडकित्ता चालूच राहिला.

"ऐकत न्हवता माझं."

अडकित्ता थांबला.

"लोकं काय वरडत हुती तवा?"

"पृथ्वी... पृथ्वी..." दौलतचं तोंड कडू झालं. तेच नाव रात्रभर त्याच्या कानात घुमत होतं.

"आन तू खेळायचास तवा?"

"दौलत."

"माझं नाव कोण वरडायचं?"

"तुमचं कशाला वरडतील?" दौलत बोलून गेला, आणि मग त्यानं जीभ चावली.

वस्ताद नुसते हसले. त्यापेक्षा एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं, असं दौलतला वाटलं.

भिंतीकडेला सरावाचे बॉल पडले होते. वस्तादांनी काठीनं त्यातला एक त्याच्याकडे ढकलला आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे."

बॉल पायाशी आला आणि दौलतचं सगळं अंग जागं झालं. त्यानं तो बुटाच्या टोकावर उचलला, गुडघ्यावर घेतला, कपाळावर तोलला, मानेवर थांबवला आणि पुन्हा अलगद पायावर उतरवला. चपला, बैठक, सगळं तो विसरला. शेवटी बॉल पायाखाली दाबून उभा राहिला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि डोळे भरून आले होते.

"पाय अजून त्योच हाय, वस्ताद. बघितलासा न्हवं?"

"बघितलं."

"मग बैठकीत बोलशीला माझ्यासाठी?"

वस्तादांचे हात अजून तसेच पुढे होते.

"मघापासनं बॉल मागतोय, दौलत," ते म्हणाले. "हात भरून आलं माझं."