हैबतीनं कोंडलेलं पाणी

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे सावळदरीत अजून कौलं आली नव्हती आणि घरं गवतानं शाकारायची, तेव्हाची ही गोष्ट. सांगणाऱ्यानं पाहिलेली नाही, त्याच्या आज्यानंही पाहिलेली नाही. पण तळं आहे, दगड आहे, आणि हे सांगायला घेतलं की गाव अजून खाली मान घालतं, तेव्हा खोटी म्हणायची सोय नाही.

डोंगराच्या पोटाशी गावदेवीचं देऊळ आणि देवळासमोर तळं. पावसावर जगणारं नव्हे, झऱ्यांचं. कडेनं बारीकसारीक झरे होते आणि तळाशी मधोमध एक मोठा. भर वैशाखात त्याचं पाणी असं उसळायचं की वर टाकलेलं फूल एका जागी गिरक्या घेत राहायचं. तळ्यात देवी श्वास घेते, असं म्हणत. तळाला मात्र गुडघाभर चिखल. दर चैत्रात यात्रेच्या आधी सारं गाव, बाया-बापे, पोरंटोरं, तळ्यात उतरून तो चिखल पायांनी तुडवायचं आणि पाट्या भरभरून शेतात न्यायचं. तरी यात्रेला पालखी स्नानासाठी उतरली की भोयांचे पाय रुतायचे, देवीचं लुगडं माखायचं, आणि परगावचे पाहुणे उपरण्याआड हसायचे.

या हसण्याचा सगळ्यात जास्त राग यायचा तो हैबती पाथरवटाला. हैबतीनं बसवलेल्या दोन दगडांच्या सांध्यात सुई शिरत नसे, असं म्हणतात. माणूस सरळ, सुपारीचंही व्यसन नाही, पण कामाचा गर्व भारी. एका यात्रेला पाहुण्यांचं हसू त्याच्या कानी पडलं आणि तो पारावर सगळ्यांसमोर म्हणाला, "फुडच्या यात्रंला देवीला चिखुल लागला, तर पुन्यांदा छिन्नी हातात धरनार न्हाय."

गावानं तळं उपसून दिलं. हैबतीनं बैल जुंपून दगडी घाणीत चुना मळला, त्यात गूळ घातला, बेलफळाचा गर घातला, आणि सबंध तळाला घडीव दगडांची फरसबंदी केली. सगळे दगड बसले, मधला तेवढा बसेना. खालून मोठा झरा त्याला उचलून धरी. चुना भरावा तर धुऊन जाई. दुसरा कुणी असता तर तिथं थांबून विचार करता. हैबतीला वाटलं, पाणी आपल्याशी मस्ती करतंय. त्यानं सांध्यांत काथ्या ठासला, वर चुना थापला, आणि चुना आवळून घट्ट होईपर्यंत दिवसभर स्वतः त्या दगडावर उभा राहिला. आतून कुणी दार ठोठावावं तसे धक्के पायांना बसत होते, असं म्हणतात. सूर्य कलला तेव्हा धक्के थांबले. आपण काय केलं हे हैबतीला त्याच घटकेला कळलं होतं. हे नीट ध्यानात ठेवा.

त्या यात्रेला पालखी लखलखीत फरशीवर उतरली. पाहुणे गप्प झाले. गावानं मानाचा पहिला नारळ हैबतीला दिला आणि दर साली तो त्याचाच, असं ठरवून टाकलं. चिखलच उरला नाही, तेव्हा तळं तुडवायचंही बंद झालं. खरं सांगायचं तर सगळ्यांना हायसं वाटलं.

मग पाणी उतरू लागलं. आधी वरची पायरी उघडी पडली, मग तिच्या खालची. पावसानं आणि कडेच्या बारीक झऱ्यांनी काही वर्षं अब्रू राखली, पण पाण्यावरचं फूल आता गिरक्या घेत नव्हतं, जागच्या जागी कुजत होतं.

गावाला कारण पाहिजे होतं आणि ते सापडायला वेळ लागला नाही. ठकू परटीण नवरा वारल्यापासून एकटीच गावाची धुणी तळ्याच्या कडेला धुवायची. विधवेनं देवीच्या पाण्यात मळकी लुगडी बुचकळली, देवी रुसली, झालं. नवरा धूत होता तोवर देवीला कसं चाललं, हे कुणी विचारलं नाही. पाटलानं ठकूला तळं बंद केलं. ती दरीच्या तळाशी ओढ्यावर जाऊ लागली. जाताना वाळकं बोचकं, येताना ओलं, आणि वाट अशी चढणीची की ओझं नसलेल्या माणसालाही धाप लागावी.

ती वाट हैबतीच्या ओट्याजवळून जायची. बोचकं डोक्यावर सावरत ठकू क्षणभर थांबे आणि विचारी, "बरं हाय का, हैबतीदादा?"

"बरं हाय," हैबती म्हणे. ती पुढं जाई.

एवढंच. पण ती वळणाआड जाईपर्यंत हैबती तिच्या बोचक्याकडं बघत राही. सांगावं असं रोज वाटायचं आणि जीभ उचलायची नाही. यात्रा होऊ दे, मग सांगू. यात्रा झाली, आता पाऊस पडू दे. लाज अशी की ओट्यावर बसायचं त्यानं सोडलं. ठकू बंद दाराशी थांबून विचारी, आणि आतून तो म्हणे, "बरं हाय." मानाचे नारळ फोडायचा त्याला धीर होईना. ते माळ्यावर तसेच पडून राहिले.

शेवटी एका यात्रेला तळ्याच्या कोपऱ्यात नुसतं डबकं उरलं, आणि पाटलानं नेहमीसारखा नारळ हैबतीच्या हातात दिला. नारळ ताजा होता. हैबतीनं सहज हलवला, तर आत पाणी वाजेना. तो घरी धावला, माळ्यावर चढला, एकेक नारळ कानाशी धरून हलवला. एकातही थेंब नव्हता, असं म्हणतात. तो तसाच परत देवळाशी आला आणि भरल्या यात्रेत म्हणाला, "ठकूबायचा काय बी गुन्हा न्हाय. पानी म्या कोंडलंय."

पाटील आधी बघत राहिला, मग हसला. "बघा रं, ह्याला म्हन्त्यात देवमानूस! बाईची दया आली म्हनून आळ सोताच्या डोस्क्यावर घेतोय."

बायांनी कानशिलांवर बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. कुणी त्याच्या गळ्यात माळ घातली, एक म्हातारा तर पाया पडला. आपण गुन्हा सांगावा आणि लोकांनी पाया पडावं! हैबतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्यानं माळ काढून ठेवली, घरून पहार आणली आणि तळ्यात उतरला. आता मात्र गाव खवळलं. देवीच्या फरशीला पहार लावतो? "हैबत्या, डोस्कं फिरलं काय तुजं?" पाटील ओरडला. देवमाणसाचा हैबत्या व्हायला एवढाच वेळ लागला.

पण खरी फजिती पुढंच होती. मधला दगड कोणता, हे हैबतीला सापडेना. सगळे दगड सारखे, सांधे असे मिटलेले की पहारीचं टोक कुठंच शिरत नव्हतं. आपल्याच हातचं काम त्याच्यावर उलटलं होतं. त्यानं पागोटं सोडलं, गुडघ्यांवर बसला आणि पागोट्यानं एकेक दगड पुसत सरपटू लागला. काठावरची माणसं हसत होती.

तेवढ्यात ओढ्यावरून ठकू वर आली. डोक्यावर ओलं बोचकं. ती तळ्याच्या काठाशी थांबली. "बरं हाय का, हैबतीदादा?"

हैबतीनं मान वर केली नाही. "न्हाय, ठकूबाय. बरं न्हाय. पानी म्या कोंडलं, आन् तुज्यावर आळ आला तरी गप बसलो."

"म्हाईत हाय मला," ठकू म्हणाली. "चुना आवळंस्तवर दिसभर त्या दगडावर हुबा हुतास. म्या कडंच्या झऱ्यावर धुनं धूत बघत हुते. कदी सांगशील, म्हनून तर रोज इचारत आले."

हसणं थांबलं. ठकूनं सगळ्यांवरून नजर फिरवली. "म्या सांगितलं असतं, तर तुमी ऐकलं असतं व्हय?"

पाटील आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला.

ठकूनं बोचकं पायरीवर ठेवलं. त्यातून पाणी निथळत होतं. ते पायऱ्या उतरलं, फरशीवर आलं, वाटेतले दगड ओलांडत सरळ मध्यावर गेलं आणि एका दगडावर थांबून थरथरू लागलं. पाण्यानं पाणी ओळखलं, असं म्हणतात.

हैबतीनं तिथं पहार घातली. आता सांधा हलला. त्यानं काथ्या ओढला, चुना खरवडला, हात कोपरापर्यंत आत घातला. आधी पांढरं पाणी आलं, मग तांबडं, मग नितळ. दगड लाकडी पाटासारखा वर उचलला गेला. लोक मागं सरत गेले आणि एकेक पायरी पाण्याखाली गेली. कुणाच्या तरी गजऱ्यातलं फूल पाण्यात पडलं आणि गिरक्या घेऊ लागलं.

गाव आनंदानं ओरडलं, आणि मग ठकू दिसली तसं गप्प झालं. पाटील पुढं आला. "ठकूबाय, आजपास्नं तू हितंच धू. तळं तुजं हाय."

"नगं," ठकू म्हणाली. "मला वढ्याची सवं झालीया."

तिनं बोचक्याला हात घातला, तोच हैबतीनं ते उचलून आपल्या डोक्यावर घेतलं. पुढं ती, मागं निथळता बोडका हैबती, असे दोघं गावातून गेले. माणसं दारात उभी होती, पण वर बघायची एकाचीही छाती झाली नाही. ठकूनं मरेपर्यंत तळ्यात पाय घातला नाही. तिला चढण चढवत होती तोवर तिचं बोचकं हैबतीनं वाहिलं.

फरशी पुढं काढून टाकली. तळाला पुन्हा चिखल आहे आणि दर चैत्रात गाव तो तुडवतं. मधला दगड काठावर पडलाय, त्यावर कुणी बसत नाही. मानाचा नारळ अजून देतात, पण ज्याला तो मिळायचा, त्यानं आधी गावाची धुणी ओढ्यावर धुवायची आणि ओलं बोचकं डोक्यावर घेऊन दारोदार जायचं. बाई असो की बाप्या, त्या दिवशी त्याचं नाव हैबतीदादा. प्रत्येक दारात त्याला विचारतात, "बरं हाय का, हैबतीदादा?" आणि त्यानं म्हणायचं असतं, "न्हाय. बरं न्हाय."

बहुतेक जण हसत हसत सुरुवात करतात. एखाद्या दाराशी मात्र आवाज अडकतो. का अडकला, ते कुणी विचारत नाही. त्या दारातलं माणूस तांब्याभर पाणी पुढं करतं, एवढंच. मग देवळासमोर नारळ देतात. घेणारा तो कानाशी धरून हलवतो. सगळं गाव श्वास रोखून ऐकतं, आणि आत पाणी वाजलं की मगच यात्रा सुरू होते.