सगुणाक्काची पाठ

गप बसा आणि ऐका. ही गोष्ट सांगताना मला राग येतो, आणि राग आला की मी मधेच उठून जाते.

फार फार वर्षांमागं आमच्या तांबळवाडीत पाऊस हातावर तुरी देऊन गेला. मका दाण्यात येता येताच सुकायला लागला. तेव्हा सगुणाक्का नावाची विधवा पुढं झाली. म्हणाली, "उभा वाळवू नका. कापा, बारीक तोडा, मुरवून ठेवू. ओला मुरघास उन्हाळ्यापर्यंत टिकतो." टेकाडाच्या पोटात खड्डा खणला, त्यात मका भरला आणि अक्कानं तो पायांनी तुडवला. असं म्हणतात, ती तुडवायची तेव्हा टेकाडाचे दगड हलायचे आणि चाऱ्यातला सगळा वारा फुसफुसत बाहेर पळायचा. मग तिनं खड्ड्याचं तोंड चिखलानं लिंपलं. गावातल्या झाडून साऱ्या गाई उन्हाळ्यात त्या एका खड्ड्यावर जगायच्या होत्या. "वारा आत गेला तर सगळं नासेल," तिनं घरोघर बजावलं. "मी सांगेपर्यंत हात लावू नका."

आणि वसुबारस आली.

गाईची पूजा करायची आणि तिच्यापुढं ओला घास नाही? बायांचा जीव खालीवर झाला. पाटलीण अंबूबाई म्हणाली, "अगं, टोपलीभर काढलं तर काय आभाळ कोसळतंय? गाईचंच तर आहे ते!" अक्का ओढ्यावर चिखल आणायला गेली होती. बायांनी खड्ड्याचं तोंड फोडलं, चारा काढला, भोकात पेंढा कोंबला आणि वर हळदकुंकू वाहिलं. काय म्हणावं या भक्तीला!

अक्का परतली. भोकात हात घातला तर आत कढत लागलं; वारा शिरून चारा तापायला लागला होता. "बायांनो, गाई मारल्यात गं!" ती ओरडली. पुन्हा लिंपलं तर चिखल तडकून पडायचा. शेवटी ती भोकाला पाठ लावून बसली. "माझ्याभोवती लिंपा," म्हणाली. असं म्हणतात, ती थंडीभर तिथून हलली नाही. बाया रडत रडत तिला भाकरी भरवायच्या. तिची स्वतःची गाय दावणीला मेली, तरी ती उठली नाही.

शिमग्याला खड्डा उघडला. आत काळा लगदा आणि पांढरी बुरशी. अंबूबाईनं कपाळ बडवून घेतलं. अक्काच्या पाठीमागं मात्र पाठीएवढाच चारा पिवळसर, आंबूस वासाचा, चांगला मुरलेला निघाला. तो एका कालवडीला पुरला. बाकीच्या गाईंनी भुकेपोटी नासकं खाल्लं आणि एकेक करून आडव्या झाल्या.

"एवढीच वाचली?" अक्कानं विचारलं. तिनं तिथंच मान टाकली.

आमच्या आजच्या गाई त्या कालवडीच्याच वंशातल्या. वसुबारसेला आम्ही त्यांना ओवाळतो, पण पुढ्यात वाळला कडबा टाकतो. मग गावातल्या बाया मुरघासाच्या खड्ड्याकडं जातात आणि लिंपलेल्या तोंडाला पाठ लावून दिवसभर बसतात. गोठ्यात गाई ओल्या घासासाठी हंबरतात. ऐकवत नाही. आम्ही डोळ्यांना पदर लावतो, पण उठत नाही.