पेजेचा शास्त्रीय अभ्यास

एक होतं जंगल. तिथे एक सिंह राज्य करायचा, कारण सिंहाशिवाय जंगल चालतं का, हे कुणी कधी करून पाहिलं नव्हतं. सिंह फार दयाळू होता. गरिबांच्या पिल्लांसाठी त्याने नाचणीच्या पेजेची योजना काढली होती. झाडाझाडावर पाट्या लागल्या होत्या, ‘पोटात पेज, तोंडावर तेज!’ खाली सिंहाचं चित्र होतं. त्याच्या तोंडावर भरपूर तेज होतं.

नदीकाठच्या बिळात साळिंदरबाई राहायच्या. वनविद्यापीठात आहारशास्त्र शिकवायच्या. शेजारच्या बिळात एक सशीण आणि तिची पिल्लं. पिल्लं इतकी रोडावली होती की उड्या मारायच्या विसरली होती. धाकटं तर कान वर धरतानाही दमायचं.

“पेज मिळत नाही का गं?” बाईंनी सशिणीला विचारलं.

“पाटी मिळालीय ना,” सशीण म्हणाली. “दारावर लावलीय बघा.”

तक्रार करायची सोय नव्हती. भुकेबद्दल नुसतं बोललं तरी ती अफवा, असा कायदाच होता. मात्र कुणी शास्त्रीय संशोधन केलं आणि तज्ज्ञांनी ते तपासून पास केलं, तर दरबार ऐकायला बांधील होता. म्हणून बाईंनी पिल्लांना उचलून एका बारीक फांदीवर बसवलं. सगळी बसली तरी फांदी वाकेना. तेवढंच त्यांनी नीट लिहून काढलं आणि दरबारात दिलं.

तपासायला तीन तज्ज्ञ नेमले गेले: अस्वल, रानडुक्कर आणि कोल्हा. पेजेचा दांडगा अनुभव त्यांनाच होता. परीक्षण निःपक्षपाती व्हावं म्हणून त्यांची नावं गुप्त ठेवून त्यांना करवंदीच्या जाळीमागे बसवलं. अस्वल जाळीच्या वरून दिसत होतं, पण न दिसल्यासारखं करायचा नियम होता.

“पिल्लं बारीक आहेत, मान्य,” जाळी अस्वलाच्या आवाजात म्हणाली. “पण ती मुद्दाम बारीक झाली नाहीत कशावरून?”

“फांदीची आधी चौकशी करा,” रानडुकराने गुरगुरून सांगितलं. “ती विरोधकांच्या झाडाची वाटते.”

कोल्हा मात्र खरोखरच शिकलेला होता. “बाई, तुलना कुठाय? ज्यांना पेज मिळते असा एक गट शोधा. त्यांना त्याच फांदीवर बसवा. मग बोलू.”

म्हणणं अगदी शास्त्राला धरून होतं, त्यामुळे बाईंचा नाइलाज झाला. त्यांनी सगळं जंगल पालथं घातलं. हरणं, माकडं, मोर, कुणाच्याही ओठाला पेज लागलेली नव्हती. शेवटी थकून त्या दरबाराकडे परतल्या, तर जाळीमागून भुरके ऐकू आले. त्यांनी फांद्या बाजूला केल्या. तिघांच्याही मिशांना पेज.

बाईंचं डोकंच फिरलं. पण अभ्यास तो अभ्यास. “महाशय, जरा त्या फांदीवर बसता का?”

तिघे बसले आणि फांदी कडाडकन मोडली.

आता चोरी उघडी पडणार, या आनंदात बाईंनी ही तुलना जोडून प्रबंध पुन्हा दिला. तिघांनी तो एकमताने पास केला. सिंहाने लगेच सभा बोलावली.

“बंधूंनो, भगिनींनो आणि तमाम शेपटीवाल्यांनो! विरोधक विचारायचे, पेजेने काय होतं? आज शास्त्राने उत्तर दिलं आहे. पेजेने फांदी मोडते!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पेजेचे हंडे वाढवले गेले आणि त्यासोबत तज्ज्ञही.

साळिंदरबाई काटे फुलवून ओरडल्या, “महाराज, आणि सशिणीची पिल्लं? त्यांना आज तरी पेज द्या!”

कोल्हा हळहळला. “बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या! अभ्यास आता पेजेचा आहे, आणि ती बिनपेजेची पिल्लं हा तुलनेचा गट आहे. त्यांना पाजलं तर तुमचाच अभ्यास बिघडेल.”

बाईंना रडू आवरेना. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या वाटची कंदमुळं पिल्लांना भरवली. धाकट्याचा एक कान वर झाला. दुसऱ्याच दिवशी बाईंवर विज्ञानात ढवळाढवळ केल्याचा खटला भरला गेला.

आज त्या जंगलातली जवळजवळ सगळी प्रजा तुलनेच्या गटात आहे. तज्ज्ञांना धरून मोजलं, तर जंगलाचं सरासरी वजन मात्र दरवर्षी वाढतंच आहे.