उद्याचा रकाना

"मग अकरा मुलींना नर्सिंगमधून काढायचं, हे कोण म्हणतंय? तू, की तुझं सॉफ्टवेअर?"

"आकडे म्हणताहेत, बाई," श्रीकर म्हणाला. "परीक्षेची विश्वसनीयता एकपैकी ०.९४ आलीय."

मनोरमाबाईंनी चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं. आता त्या टेकडीवरच्या गावात शेजारच्या दोघींबरोबर गोधड्या शिवत; आजही तिघी शिवायला बसल्या होत्या. श्रीकर त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. इंजेक्शनच्या प्रात्यक्षिक परीक्षेवरचा अहवाल त्याचाच. त्यावर बाईंची सही झाली, की नर्सिंग कॉलेजच्या समितीपुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

"फरक फोडून पाहिलास?"

"पाहिला. गुणांतला फरक मुलींमुळे किती, परीक्षकांमुळे किती, सगळं वेगळं काढलं. परीक्षक तीन, तिघांचं जवळजवळ एकमत."

"परीक्षा किती दिवस?"

"एकच दिवस."

बाईंनी सुई आणि दोरा त्याच्यापुढे धरला.

"ओव."

श्रीकर हसला. पण भर उन्हात टेकडी चढून आला होता, हात थरथरत होता. दोरा नेढ्याच्या बाजूने निसटे. एकदा, दोनदा, पाचदा…

"जमत नाही ह्यास्नी," शेजारची एक म्हणाली.

"न्हाईच जमत," दुसरी म्हणाली.

"नापास," बाई म्हणाल्या. "परीक्षक तीन. आमच्यात फरक किती?"

"…शून्य."

"मग लिही. श्रीकरला सुई ओवता येत नाही."

"हा अन्याय आहे!" तो उसळला. "आत्ता चढून आलोय. उद्या सकाळी बघा, एका झटक्यात ओवतो!"

"उद्याचा रकाना कुठाय तुझ्या तक्त्यात?"

…

श्रीकरने अहवाल उघडला. दिवसाचा रकाना नव्हताच. त्या दिवशीचा ताप, धास्ती, नुसती वाईट सकाळ, सगळं मुलींच्याच माथी मारलं गेलं होतं. एक मुलगी त्याला म्हणालीही होती, सर, मी तापात आले होते. सबबी आकड्यांत बसत नाहीत, असं त्याने तिला ऐकवलं होतं. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

"समितीला संध्याकाळी कागद हवाय, बाई. ०.९४ नाही दिलं, तर माझ्या जागी दुसरा आणतील."

"आणतील," टाका घालत बाई म्हणाल्या.

श्रीकरने पेन काढलं, ०.९४ वर काट मारली आणि खाली लिहिलं: 'एका दिवसाच्या परीक्षेवर एकीलाही काढता येणार नाही. तीन वेगळ्या दिवशी पुन्हा घ्या. नाहीतर माझी सही मिळणार नाही.'

अक्षर वेडंवाकडं आलं.

"हात अजून थरथरतोय," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या पुढ्यातली बिनदोऱ्याची सुई उचलून गोधडीत खोचली.

"ओवलीस की."