मनोलीचा गोठलेला दाणा

मळ्यात एक घर होतं. घरामागे पेरूचं झाड होतं. झाडाला एक करवंटी टांगली होती, पाखरांच्या दाण्यांसाठी. खाली पाण्याचं पसरट मातीचं परळ होतं. पहाटे अशी थंडी पडली, अशी थंडी पडली, की परळातल्या पाण्याचा बर्फ झाला.

एक होती मनोली, इवलंसं पाखरू. चिमणीहून लहान, सुपारीएवढी. ती आली टुणुक टुणुक. करवंटीत डोकावली. साळुंक्यांनी सगळी बाजरी फस्त केली होती. एकच दाणा उरला होता, तोही परळात पडलेला. वर बर्फाची पापडी. मनोलीने चोच मारली. टक टक. दाणा दिसे, पण मिळेना. एवढ्याशा पोटात कावळे ओरडत होते.

बर्फ म्हणाला, "दाणा तुझाच गं. मी नुसता सांभाळतोय. ऊन आलं की देतो."

मनोली गेली कौलांवरच्या उन्हाकडे, भुर्र भुर्र.
"बर्फ दाणा सोडेना,
मी खाऊ काय?"

ऊन म्हणालं, "मी तर निघालेलंच आहे. पण मधे गोधडी वाळतेय. ती हलली की येईन."

मनोली गेली दोरीवरच्या गोधडीकडे, भुर्र भुर्र.
"ऊन खाली येईना,
बर्फ दाणा सोडेना,
मी खाऊ काय?"

गोधडी म्हणाली, "मी काय हौसेने लटकलेय? आई काढेल तेव्हा हलेन."

आई खिडकीत बसली होती. हातात गरम चहा. ती पाखरंच बघत होती. मनोली गेली खिडकीकडे, भुर्र भुर्र.
"गोधडी जागची हलेना,
ऊन खाली येईना,
बर्फ दाणा सोडेना,
मी खाऊ काय?"

आई म्हणाली, "अगं बाई, किती गोड नाचतेस. तुमच्यासाठीच तर करवंटी टांगली मी. तनूने दूध प्यायलं की येते हं."

तनू आईच्या शेजारीच होती. कानटोपी घालून, पेला धरून. मनोली सरकली तिच्याकडे, टुणुक टुणुक.
"आई गोधडी काढेना,
गोधडी जागची हलेना,
ऊन खाली येईना,
बर्फ दाणा सोडेना,
मी खाऊ काय?"

तनू म्हणाली, "तू माझी मैत्रीण. पण दुधावर साय आहे. शी. साय गेली की पिईन."

आता उरला बोका. गलेलठ्ठ बोका, पायरीवर बसलेला. मनोली जवळ गेलीच नाही. ती उंच फांदीवर बसली. तिथूनच म्हणाली,
"तनू दूध पिईना,
आई गोधडी काढेना,
गोधडी जागची हलेना,
ऊन खाली येईना,
बर्फ दाणा सोडेना,
मी खाऊ काय?"

बोक्याने एवढंच विचारलं, "साय कुठे आहे?"

बोका गेला घरात, म्याव म्याव. तनूने साय बशीत काढली. बोक्याने चाटली, लप लप. तनूने दूध प्यायलं, घट घट. आईने गोधडी काढली, झट झट. ऊन खाली आलं, लख्ख. बर्फ वितळला, टिप टिप. दाणा सुटला. मनोलीने गिळला, टुप.

बर्फ म्हणाला, मी दिला. ऊन म्हणालं, मी दिला. गोधडी म्हणाली, मी दिला. आई तनूला म्हणाली, "बघ, आपण आहोत म्हणून पाखरं जगतात."

बोक्याने उन्हात बसून मिशा पुसल्या, आणि वर मनोलीकडे बघितलं.

मनोली एक फांदी आणखी वर सरकली. टुणुक.

दाणा गेला पोटात, गोष्ट शिरली गोधडीत, आता तुम्हीही शिरा.