तिरसेच्या मुठीतले पान

भाविकहो, फार जुन्या काळी सिरिया देशात मिठागरांच्या कडेला बेथ-मल्हा नावाचे गाव होते. तिथले पाणी खारट, माती पांढरी, आणि माणसांच्या टाचा बारा महिने फुटलेल्या. त्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे बिशप होते संत अब्दियेल. प्रभूचे नाव टाकत नाहीत म्हणून कैसराच्या, म्हणजे बादशहाच्या, शिपायांनी त्यांना खाणीत राबवले होते. तिथून ते एक पाय कायमचा अधू होऊन परतले. लोक त्यांना आबा म्हणत.

आज आपल्या हाती बांधलेले बायबल आयते येते. तेव्हा तसे नव्हते. प्रभूच्या नावावर पुष्कळ ग्रंथ फिरत होते. कुणीही उठावे, एखाद्या प्रेषिताचे, म्हणजे प्रभूच्या पहिल्या शिष्यांपैकी कुणाचे, नाव लावावे आणि पुस्तक खपवावे! उपासनेत कोणते वाचायचे आणि कोणते नाही, यावरून भली भली माणसे हमरीतुमरीवर येत.

बेथ-मल्हात उपासनेच्या वेळी शास्त्र वाचण्याचे काम निकानोरकडे होते. ग्रंथांची पेटीही त्याच्याच ताब्यात. आवाज गोड, शिक्षण मोठे, आणि गर्व त्याहून मोठा. लोक त्याला शास्त्रीबुवा म्हणत आणि त्यालाही ते आवडे. एकदा त्याने अंत्युखिया शहरातून एक नवे शुभवर्तमान, म्हणजे प्रभूचे चरित्र, आणले. जांभळी पाने, सोन्याची अक्षरे, वर एका प्रेषिताचे नाव. रविवारी हेच वाचायचे, असा त्याने हट्ट धरला.

आबांनी त्याला थोडे वाचून दाखवायला सांगितले. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, हा ग्रंथ प्रेषितांच्या काळापासून कुणाजवळ होता? आसपासच्या मंडळ्या हा वाचतात का? आणि आपल्या वाडवडिलांना जो ख्रिस्त सांगितला गेला, तोच यात आहे का?"

पहिले दोन प्रश्न निकानोरने सोडूनच दिले. तिसऱ्याला तो म्हणाला, "यातला ख्रिस्त जास्त तेजस्वी आहे, आबा."

तेवढ्यात मागून तिरसा बोलली. ही मिठाच्या गोणी वाहून पोट भरणारी विधवा. म्हणाली, "शास्त्रीबुवा, आम्हांला आपलं जुनंच वाचा. ते ऐकलं की घरी जायला बळ येतं."

"गाढवाला गुळाची चव काय!" निकानोर म्हणाला. मंडळी हसली. प्रभूच्या घरात बसून हसली, हे सांगताना मला अजून वाईट वाटते. तिरसेने डोक्यावरचे वस्त्र पुढे ओढून घेतले. आबा हसले नाहीत. "हा ग्रंथ तुमच्या घरी ठेवा," एवढेच ते निकानोरला म्हणाले.

मग ते वाईट वर्ष आले. ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ जप्त करून जाळावेत, असे कैसराचे फर्मान निघाले. शिपाई बेथ-मल्हात शिरले तेव्हा आबा पलीकडच्या गावी एका मयताला गेले होते. अंमलदाराने निकानोरच्या छातीवर भाला टेकवला आणि पेटी मागितली.

निकानोरने मनाशी हिशेब केला. जुने ग्रंथ काय, कुठल्याही मंडळीत मिळतील, पुन्हा उतरवून घेता येतील. सोन्याचा ग्रंथ मात्र एकच. पेटी आणायला घरात गेल्यावर तो त्याने अंगरख्याखाली दडवला आणि शुभवर्तमाने, प्रेषित पौलाची पत्रे, सगळी पेटी शिपायांच्या हवाली केली. त्याच आठवड्यात आसपासच्या प्रत्येक गावात हीच होळी पेटली होती, हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हते.

चौकात पाने पेटली. कातड्याची पाने ती. कातडे जळल्याचा वास गावभर पसरला. माणसे दारे लावून बसली. तिरसा तेवढी पुढे गेली आणि तिने दोन्ही हात आगीत घातले. शिपायाने भाल्याच्या दांड्याने तिच्या डोक्यात मारले. बायकांनी तिला उचलून घरी आणले तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत भाजले होते, आणि उजवी मूठ काही केल्या उघडत नव्हती.

दिवस कलता कलता आबा लंगडत आले. तिरसेला पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ती वाचणार नव्हती, हे सगळ्यांना दिसत होते.

"आबा, भ्या वाटतंय," ती म्हणाली. "कोणीतरी वाचा."

वाचायला गावात एकच ग्रंथ उरला होता. निकानोर दाराशी उभा होता. त्याने अंगरख्यातून तो काढला आणि प्रभूच्या मरणाचा भाग उघडला. त्यात लिहिले होते की खिळे ठोकले तेव्हा प्रभूला काहीच वेदना झाल्या नाहीत. क्रूसावर नुसती सावली होती, आणि प्रभू वरून हसत पाहत होता.

तिरसेने तोंड भिंतीकडे फिरवले. "त्याला दुखलंच नाही?" ती म्हणाली. "मग माझं त्याला काय कळणार? हा आपला प्रभू नव्हे, आबा."

निकानोरने ग्रंथ मिटला.

आबा म्हणाले, "शास्त्रीबुवा, आपले जुने वाचन म्हणा. इतकी वर्षे तुम्हीच वाचत आलात."

निकानोरने तोंड उघडले. एकही ओळ आठवेना. त्याने जन्मभर वाचले होते, पण ते लोकांना ऐकवण्यापुरते. "आबा, मला येत नाही," तो कसाबसा म्हणाला.

"मग तुमच्या हातून गेले ते तुमच्याच तोंडून परत येऊ दे," असे म्हणून आबा तिरसेपाशी बसले. त्यांनी प्रार्थना केली आणि तिच्या मुठीवर हळूच हात ठेवला. जी मूठ कुणाला उघडली नाही, ती आपोआप सैल झाली. तळहाताला एक पान चिकटले होते, कोळशासारखे काळे. बायकांनी माना वळवल्या. पण त्या काळ्यावर, देवाची करणी पाहा, अक्षरे उजळत गेली. राखेतल्या निखाऱ्यावर फुंकर घालावी तशी एकेक ओळ उमटली.

पान सोडवले असते तर कातडी निघाली असती. म्हणून निकानोरला गुडघे टेकावे लागले. अक्षरे बारीक, म्हणून मानही वाकवावी लागली, तिच्या हाताला कपाळ लागेपर्यंत. तसाच वाकून तो वाचू लागला: प्रभूला फटके मारले, त्याच्या हातांत खिळे ठोकले, आणि क्रूसावर तो तहानेने व्याकूळ झाला.

"त्यालाही तहान लागली?" तिरसेने विचारले.

"लागली, आई," निकानोर म्हणाला. आजवर त्याने तिला नावानेही हाक मारली नव्हती.

तिच्या चेहऱ्यावरची वेदना उतरली. ती ऐकत राहिली. पान संपण्याआधीच तिचा श्वास थांबला होता, पण निकानोरने वाचन अर्धवट सोडले नाही. शेवटची ओळ झाली, आणि अक्षरे पुन्हा काळी पडली.

आबांनी तिचे डोळे मिटले. निकानोर उठला नाही. तो तिच्या पायांशी सरकला, मिठाने चिरलेल्या त्या टाचांवर त्याने डोके ठेवले, आणि बायका तिला न्हाऊ घालायला पाणी घेऊन आल्या तरी तो तिथेच होता.